घाण्याची झापडं

"मला टीव्हीच द्या. ही घाण्याच्या बैलाची झापडं बांधून मी गाडी चालवणार न्हाई."

धैर्यशील असं म्हणाला आणि शेडमधले सगळे वळून आमच्याकडं बघायला लागले. पुण्याला भोसरीत एका कारखान्याच्या मागं ती शेड होती. मधोमध लोखंडी सांगाडा, त्यावर रॅलीच्या गाडीची सीट, पुढं स्टिअरिंग, पायाखाली पेडल, समोर भिंतभर स्क्रीन. आणि सीटच्या शेजारी खुंटीला लटकवलेला एक काळा डबा. पट्ट्यानं डोक्याला बांधायचा आणि डोळे आत घालून बसायचं. व्हीआर हेडसेट. आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो, पण आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्हा उद्यमनगरातल्या माणसांना तो नवलाचाच होता.

धैर्यशील माझा धाकटा भाऊ. आमचं कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज, अण्णांनी म्हणजे आमच्या वडलांनी उभं केलेलं. धैर्या रॅलीची गाडी चालवायचा आणि मी, वसुधा, त्याची नॅव्हिगेटर. रॅलीत गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा शेजारी बसून पुढचं वळण आधीच मोठ्यानं सांगतो. "डावा तीन, पुढं आवळतो." "उजवा पाच, उतार." आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. ड्रायव्हरला वळण दिसायच्या आधी ते त्याच्या कानात पडलेलं असतं, आणि त्या शब्दावर तो गाडी झोकून देतो. म्हणून अण्णांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, की वसू, जे आहे तेच सांगायचं. जास्त नाही, कमी नाही, आणि भीती वाटली म्हणून तर अजिबात नाही. एका पोरीला भावाच्या शेजारी रॅलीत बसवलं म्हणून आमच्या भावकीनं तोंडं वाकडी केली. अण्णांनी त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. भावकीचं काय, ती जेवायला पुढं आणि उष्टी काढायला मागं.

त्या दिवशी तिथं एका सीटचा प्रश्न होता. पुण्याच्या एका टीमला येत्या हंगामासाठी नवा ड्रायव्हर हवा होता. गाडी त्यांची, टायर त्यांचे, मेकॅनिक त्यांचे. आम्ही एकच जुनी जिप्सी वर्षानुवर्षं ठिगळं लावून पळवत होतो. धैर्याचं वय तिशीला टेकलेलं. ही सीट मिळाली तर तो खरा ड्रायव्हर होणार होता, नाहीतर मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं ऑइल बदलायचं. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि अण्णांना तर आमच्यापेक्षा जास्त. निघताना त्यांनी धैर्याच्या पाठीवर थाप मारली आणि आत निघून गेले.

पाच जणांतून एकाला निवडायचं होतं. पहिली फेरी स्क्रीनवर झाली, आणि तीत धैर्या सगळ्यांत वेगवान. थोडाथोडका नाही, नाद खुळा. बाकीचे चौघं हातातला चहा विसरून बघत राहिले. गॅरेजच्या माडीवर जिप्सीची मोडकी सीट फळीला ठोकून, समोर टीव्ही लावून आम्ही दोघांनी वर्षभर तेच तर केलं होतं. तो खेळायचा आणि मी शेजारी स्टुलावर बसून वळणं सांगायची. रस्ता दोघांना सारखाच दिसायचा.

दुसरी फेरी हेडसेट घालून होती आणि तिथं हा अडून बसला.

टीमचे मॅनेजर नाडकर्णी म्हणून होते. शांत माणूस, आवाज चढवणं त्यांना माहीतच नसावं. त्यांनी समजावून सांगितलं, की स्क्रीनवर फक्त समोरचं दिसतं. घाटातल्या वळणाला मान वळवून वळणाच्या पोटात बघावं लागतं, दगड किती लांब आहे, कडा किती खोल आहे हे दोन्ही डोळ्यांनी जोखावं लागतं. स्क्रीन सगळा सपाट, तिथं खोली नसते. मागच्या वर्षी त्यांनी स्क्रीनवरचा वाघ निवडला आणि घाटात त्याची शेळी झाली. "टीव्हीवर सगळेच शूर असतात, धैर्यशील," ते म्हणाले. "मला तुम्ही घाटात कसे आहात ते बघायचंय."

धैर्याचं म्हणणं एकच. त्याला टीव्हीवर सगळं दिसतं, मग वेगळं कशाला हवं. त्यानं एकदा मॉलमध्ये तो डबा घातला होता, तेव्हा डोकं गरगरलं होतं आणि कडेचं काही धड दिसलं नव्हतं. मला वाटलं, हा घाबरला. इतक्या वर्षांत तो घाबरलेला मी बघितला नव्हता, त्यामुळं मला रागच आला. मी बाहेर जाऊन अण्णांना फोन लावला आणि आत येऊन फोन धैर्याच्या कानाला लावला. अण्णांचा आवाज असा, की फोन कानाला असला तरी चार माणसांना ऐकू जावा.

"मालक टोपी घाल म्हणाला तर टोपी घालायची, डबा घाल म्हणाला तर डबा. नव्या नवरीगत लाजतोस काय? घाल गुमान."

सगळे हसले. धैर्यापण हसला. त्यानं डबा डोक्याला बांधला.

त्याला आत जे दिसत होतं तेच आम्हाला समोरच्या स्क्रीनवर दिसत होतं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून सांगायला लागले. उजवी वळणं त्यानं झकास घेतली. पहिलं डावं वळण आलं, मी म्हटलं, "डावा तीन, आवळतो," आणि गाडी सरळ डाव्या अंगाच्या दगडावर. पुन्हा सुरू केलं. पुन्हा डावीकडं घासली. तिसऱ्यांदा त्यानं वळण इतकं लांबून घेतलं, की आमच्या अण्णांनी बैलगाडीसुद्धा त्याहून जवळून नेली असती. हंगामातली एकुलती एक सीट डोळ्यांदेखत चालली होती आणि हा डब्याला शिव्या घालत होता.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं.

मशीनवर रेवा नावाची एक मुलगी होती, कामात हुशार आणि जिवाची गोड. ती म्हणाली, थांबा, काच नीट बसली नसेल, डावीकडचं टोक फक्त डाव्या काचेत येतं. एकेक डोळा मिटून सांगा, म्हणजे कळेल. तिनं आत एक चित्र लावलं, घाटाचं, उन्हातलं. धैर्यानं डावा डोळा मिटला आणि म्हणाला, झ्याक दिसतंय. मग उजवा मिटला.

"बंद हाय ही बाजू," तो म्हणाला. "काळोख हाय नुसता."

रेवानं वायर हलवली, कळ दाबली. काळोखच. तिनं कपाटातून दुसरा डबा काढला, नवा, खोक्यातला. तोही तसाच. धैर्या खदाखदा हसायला लागला. म्हणाला, वा रं टीम, दोन डबे आणि दोन्ही आंधळे, आणि नावं मला. नाडकर्णी ओशाळले. त्यांनी माफीसुद्धा मागितली. आपल्याकडं टीव्हीवरची फेरी आहेच, तीच धरू, असंही ते बोलून गेले. धैर्यानं माझ्याकडं बघून भुवई उडवली. सीट परत हातात आली होती.

मग त्यानं डबा काढून माझ्यापुढं धरला. "अक्का, तू घालून बघ. तू सांगितलंस की पटंल यांना."

मी घातला. आधी काही कळेना, मग रस्ता उघडला. ज्यांनी तो प्रकार कधी घातला नाही त्यांना सांगते, टीव्हीवर आपण रस्ता बघतो, तिथं आपण रस्त्यावर असतो. डावीकडं पिवळं गवत होतं, त्यापलीकडं दरी, दरीत खाली पाण्याची रेघ. मी डावा डोळा मिटला, दिसलं. मग उजवा मिटला.

सगळं दिसत होतं. गवत, दगड, दगडावरचा पांढरा रंग, खालची पाण्याची रेघसुद्धा.

मी पुन्हा उजवा डोळा मिटला, घट्ट मिटला, वरून हातानं डबा दाबला. दिसतच होतं. बाहेर माझा भाऊ उभा होता आणि मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, त्याला माझं दिसत नव्हतं. मला त्या घाटातून बाहेर यायचंच नव्हतं. देवा, हा डबा बिघडू दे, आत्ता बिघडू दे, असं मी खरोखर म्हटलं. अंबाबाईला नवस बोलले.

"अंधार हाय न्हवं, अक्का?" त्याचा आवाज आला.

एक शब्द पुरला असता. 'हाय' म्हटलं असतं तर सीट त्याची होती. आणि मग पुढच्या महिन्यात खऱ्या गाडीत, खऱ्या घाटात, डावं वळण आलं असतं.

"न्हाई धैर्या," मी म्हटलं. "दिसतंय. दोन्हीकडं दिसतंय."

मी डबा काढला. तो माझ्याकडं बघत होता, अजून थोडा हसतच. मग त्यानं तळहात उचलला आणि उजव्या डोळ्यावर ठेवला. शेडमध्ये सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या. दार सताड उघडं होतं, बाहेर ऊन होतं. मी त्याच्यापुढं हातभर अंतरावर उभी.

"अक्का," तो म्हणाला, "कुठं हाईस?"

मी त्याचा हात धरला. रेवा रडायला लागली, परकी मुलगी, पण रडायला लागली. नाडकर्णींनी बाकीच्या चौघांना हळूच बाहेर नेलं. त्यांच्या माणुसकीला बोल लावणार नाही. त्यांनीच ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि दुपारी आम्ही त्यांच्यापुढं बसलो.

बाईंनी पुष्कळ तपासण्या केल्या. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि विचारलं, या डोळ्याला कधी मार लागला होता का. धैर्या नाही म्हणाला. लहानपणी? नाही. बॉल, काठी, काही? तो नाहीच म्हणत होता, मला मात्र आठवलं होतं. थोड्या वेळानं त्यालाही आठवलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं.

तो विशीत असताना गॅरेजमध्ये शॉकअपची स्प्रिंग दाबून बसवत होता, ती सुटली आणि डाव्या डोळ्यावर बसली. डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. दोन दिवसांवर त्याची पहिली मोठी शर्यत. आई तेव्हा नव्हती, दवाखान्यात नेऊया असं मी म्हणत होते. अण्णांनी बोटं उभी करून किती दिसतात ते विचारलं, त्यानं बरोबर सांगितलं. मग डोळ्यात गुलाबपाणी घातलं, वर लोण्याची पट्टी बांधली आणि म्हणाले, डोळा जाग्यावर हाय, चल, रडतोस काय बायकांसारखा. आमच्याकडं असंच चालायचं. स्वतः अण्णांच्या बोटाचं पेर मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं, तेव्हा ते फडकं गुंडाळून संध्याकाळपर्यंत काम करत राहिले होते. आठवड्यात लाली गेली, धैर्यानं ती शर्यत जिंकली आणि तो कप अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

बाईंनी सांगितलं, त्या मारानं डोळ्यातल्या पाण्याचा आतला निचरा बिघडला. डोळ्यातला दाब वर्षानुवर्षं चढत राहिला, गुपचूप, दुखलं नाही की खुपलं नाही. एक डोळा जात राहिला आणि दुसरा त्याचं काम उचलत गेला, म्हणून कळलं नाही. आता नस वाळली होती. ती परत येत नाही. उजवा डोळा चांगला होता, तो चांगलाच राहणार होता.

"वेळेवर दाखवलं असतं तर?" धैर्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "वाचला असता. बहुतेक वाचला असता."

"आणि आज तो हेडसेट घातला, त्यानं काही झालं का?"

"छे. त्यानं फक्त दाखवलं. उलट त्याचे आभार माना."

सीटचं कुणी काही बोललं नाही. नाडकर्णी दवाखान्याबाहेर उभे होते. त्यांनी धैर्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. त्यात सगळं आलं.

परतताना गाडी मी चालवली. सकाळी तोच चालवत आला होता, एका डोळ्यानं, आणि मी शेजारी बसून डुलक्या काढल्या होत्या. तो आता माझ्या जागी बसला होता, आणि मला कळलं, की इतकी वर्षं मी कायम त्याच्या डाव्या अंगाला होते. गाडीतही आणि माडीवरच्या स्टुलावरही. मी त्याला कधीपासून दिसत नव्हते कोण जाणे. त्याला माझा नुसता आवाज येत होता आणि त्या आवाजावर तो गाडी झोकत होता. मला इतकं भरून आलं, की साताऱ्याच्या पुढं गाडी कडेला घ्यावी लागली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. तो रडला नाही.

कराडजवळ त्यानं तोंड उघडलं. "अण्णांना सांगायचं, त्या डब्यानं डोळा गेला."

मी म्हटलं, वेडा झालास काय. बाईंनी सांगितलं ते ऐकलं नाहीस?

"ऐकलं. म्हणूनच. स्प्रिंगचं कळलं तर अण्णा जगायचं न्हाईत, अक्का. गुलाबपाणी त्यांनी घातलंय."

मी अण्णांशी खोटं बोलणार नाही म्हणाले. त्यांनीच मला खरं बोलायला शिकवलं, त्यांनाच कसं फसवू. मी भांडले, चिडले, नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आज तू खरं बोललीस. माझी सीट गेली. मी काय म्हटलं का तुला? आता एवढं माझ्यासाठी कर."

कोल्हापूर येईपर्यंत मी नुसती गाडी चालवत राहिले.

अण्णा गॅरेजच्या दारातच होते. नवी पांढरी टोपी, धुतलेला सदरा. शेजारच्या लेथवाल्याला त्यांनी थांबवून ठेवलं होतं, पोरगं येतंय म्हणून. आमची तोंडं बघून त्यांनी लेथवाल्याला जायची खूण केली. धैर्या त्यांच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं सांगितलं. डबा डोळ्याला बांधला, आत झगझगीत उजेड झाला, डाव्या डोळ्यात काहीतरी तटकन तुटलं आणि दिसायचं बंद झालं. डॉक्टरांनी बघितलं, परत येणार नाही म्हणाले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

मला वाटलं होतं, ते शिव्या घालतील. टीमला, पुण्याला, त्या डब्याला. धैर्यालाही तेच वाटलं असणार, त्यासाठीच तर त्यानं हे सगळं रचलं होतं. अण्णा बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

"तू घालत नव्हतास," ते म्हणाले. "तू नको म्हणत हुतास. म्या फोनवर घाल म्हटलं."

धैर्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो नाही नाही करायला लागला, मीच घालणार होतो, तुम्ही म्हणाला नसता तरी घातला असता. अण्णा ऐकतच नव्हते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या टोपीत तोंड खुपसून ते रडले. आई गेली तेव्हासुद्धा ते रडले नव्हते. मी धैर्याकडं बघितलं. आता खरं सांगावं तर ते याहून वाईट होतं. न सांगावं तर जे त्यांनी केलंच नव्हतं, त्याची शिक्षा ते भोगणार होते. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत आम्हीच त्यांना त्या खड्ड्यात लोटलं होतं आणि वर काढायला दोर नव्हता.

त्या दिवसानंतर अण्णांनी अवजाराला हात लावला नाही. दारात खुर्ची टाकून बसायचे. गाडी घेऊन कुणी पोरगं आलं, की त्याला जवळ बोलावून सांगायचे, खेळायचं तर टीव्हीवर खेळ बाबा, ते डोळ्यावर बांधायचं खूळ करू नको, माझ्या पोराचा डोळा म्या घालवला त्यात. आत गाडीखाली धैर्या पडलेला असायचा. त्याचा पाना थांबायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा वाजायला लागायचा. त्याचं लग्न झालं, पोरं झाली, गॅरेज त्यानं नावारूपाला आणलं. नाडकर्णींनी मला दुसऱ्या ड्रायव्हरशेजारी बसायला दोनदा बोलावलं. मी गेले नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. फुप्फुसात पाणी झालं होतं. एका दुपारी दवाखान्यात धैर्या औषधं आणायला खाली गेला होता, तेव्हा त्यांनी नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि मला जवळ बोलावलं.

"वसू, तू कधी खोटं सांगितलं न्हाईस मला. खरं बोल. माझ्यामुळंच गेला न्हवं त्याचा डोळा?"

मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. पेर तुटलेलं बोट माझ्या मुठीत आलं.

"न्हाई अण्णा," मी म्हटलं. "तुमच्यामुळं न्हाई."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. लहान पोरीची समजूत काढावी तसं थोपटलं. "बापाला जपतीस," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.